निंबखेड्याच्या आमदाराचा शेला

१

निंबखेड्याच्या आमदाराच्या घरी चोरी झाली आणि चोरानं उभ्या उभ्या कबुलीसुद्धा देऊन टाकली. आता अशी चोरी उलगडायला कितीसा वेळ लागावा? पण कसलं काय!

"काका, शेला कपाटातून तुम्ही काढलात?" आमदारांच्या मुलानं, तुषारनं विचारलं.

"हो," प्रकाश म्हणाला.

"मग आहे कुठे?"

प्रकाशनं मान खाली घातली ती घातलीच. तुषारनं आवाज चढवून विचारलं, मग उतरवून विचारलं, मग हात जोडून विचारलं. प्रकाश आपला पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा. दारात प्रदर्शनाचे दोन कार्यकर्ते रिकामी काचपेटी धरून ताटकळत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तुषारची आई सुमित्राबाई कणकेनं भरलेले हात तसेच घेऊन उभ्या होत्या.

भोपाळच्या शाहपुऱ्यातलं हे घर भालचंद्र कळंब्यांचं, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंचं. मध्य प्रदेशात, पण महाराष्ट्राच्या सीमेला अगदी खेटून असलेल्या निंबखेडा मतदारसंघातून ते सात वेळा विधानसभेवर निवडून आले आणि एकदा सपशेल पडले. एवढ्या वर्षांत काय कमावलं म्हणाल, तर माणसं. निंबखेड्याहून कुणी पेशंट भोपाळच्या दवाखान्यात आला की त्याचं बिऱ्हाड या घराच्या ओसरीत पडायचं, आणि सुमित्राबाईंच्या पिठल्याचं पातेलं चुलीवरून उतरायचं नाही. आता भाऊंनी जाहीर केलं होतं, की बस झालं, यापुढे निवडणूक लढवायची नाही. परवा रविवारी टी. टी. नगरच्या सभागृहात त्यांचा मोठा नागरी सत्कार होता. सोबत त्यांच्या कारकिर्दीचं छोटं प्रदर्शन, आणि प्रदर्शनाच्या मधोमध तो शेला.

हा शेला सगळ्या मतदारसंघाला तोंडपाठ होता. भाऊ पहिल्यांदा निवडून आले त्या पहाटे एक म्हातारा विणकर मतमोजणीच्या मांडवात आला, मागावरून नुकताच उतरवलेला लाल काठाचा शेला त्यानं या पोरसवदा आमदाराच्या खांद्यावर घातला आणि कुणी ओळखायच्या आत गर्दीत निघून गेला. शेल्याच्या एका टोकाला झालर होती, दुसरं टोक तसंच, दोरे लोंबत असलेलं. निकाल लागल्यावर म्हाताऱ्याला धीर निघाला नाही, म्हणून त्यानं अर्धवटच कापून आणला, असं सगळे कौतुकानं सांगायचे. इतक्या वर्षांत भाऊंच्या अंगावर शाली किती आल्या आणि गोरगरिबांच्या अंगावर किती गेल्या, त्याला गणती नाही. हा एक शेला तेवढा गोदरेजच्या कपाटातून कधी हलला नव्हता.

आणि तोच प्रकाशनं काढला म्हणे! प्रकाश म्हणजे भाऊंचा स्वीय सहायक. पदाचं नाव हे असलं, तरी घरात तो धाकट्या दिरासारखा. तुषारला सायकल त्यानंच शिकवली होती.

"काका, त्या जितेंद्रनं मागितला ना?" तुषार म्हणाला. "बाबांच्या जागेवर तिकीट मिळावं म्हणून तो वर्षभर झगडतोय. बाबांचा शेला ज्याच्या खांद्यावर, तोच वारस, असं लोक म्हणणार. किती दिले त्यानं?"

"तुषार!" सुमित्राबाई ओरडल्या.

पण शब्द सुटला तो सुटलाच. प्रकाशचा चेहरा पांढराफटक पडला. तो ओसरीतल्या आपल्या खोलीत गेला आणि पिशवी भरू लागला. दुपारच्या गाडीनं निंबखेड्याला जातो म्हणाला.

सुमित्राबाईंनी कणकेचे हात धुतले. हा असा चोर ठरून गावी गेला, तर तिथं कुणाला तोंड दाखवेल? आणि पुन्हा या घराची पायरी तो कशाला चढेल? भाऊंना विचारावं, तर ते सकाळीच विधानसभेत गेलेले. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, त्यांचं निरोपाचं भाषण. त्यांचा फोन नेहमी प्रकाशच्या खिशात असायचा आणि प्रकाश आज प्रदर्शनाचं सामान द्यायला घरी थांबलेला. सभागृहात निरोप धाडावा, तर आयुष्यातलं शेवटचं भाषण नासायचं.

सुमित्राबाई खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "प्रकाश, जेवल्याशिवाय जायचं नाही. तोवर मी शोधते."

"नका शोधू वहिनी," प्रकाश न बघताच म्हणाला. "तुमाले शप्पथ आहे. सापडलं तर माह्यापेक्षा भाऊंनाच जास्त त्रास होईल."

२

शप्पथ घातली म्हणून थांबतील त्या सुमित्राबाई कसल्या! भाऊ त्यांना चारचौघांत 'आमचं गृहखातं' म्हणायचे ते उगाच नाही. दारातल्या चपला बघून कोण नोकरीसाठी आलंय, कोण बदलीसाठी आणि कोण नुसतं जेवायला, हे त्या आत बसून सांगत. चार दशकं माणसांची रांग निस्तरलेली बाई. तिला कुणी काय शिकवावं?

आधी त्यांनी कपाट उघडलं. किल्ली देवघरात, गणपतीच्या मागं; घरातल्या सगळ्यांना ठाऊक. खालच्या खणात शेल्याचं प्लास्टिकचं आवरण होतं. रिकामं, पण नीट घडी करून ठेवलेलं. डांबरगोळ्या सुद्धा एका वाटीत काढून ठेवलेल्या.

"अपर्णा, इकडे ये गं," त्यांनी सुनेला हाक मारली. "तुला एखादी साडी पळवायची असेल तर तू काय करशील?"

"आई, काहीही काय!"

"सांग तर."

"पिशवीसकट उचलेन. मळायला नको म्हणून."

"आणि कुणाची ओटी भरायची असेल तर?"

"मग बाहेर काढून, घडी उलगडून..." अपर्णा थबकली. "म्हणजे काकांनी तो कुणाला तरी पांघरायला नेला?"

"चोरीच्या मालाला पिशवी लागते. सत्काराची शाल कुणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतं का? बरं, काल संध्याकाळी आणखी काय काय झालं ते आठव बघू."

अपर्णानं आठवून आठवून सांगितलं. काल दिवेलागणीला प्रकाशकाका देवघरातून किल्ली घेताना तिला दिसले होते. मग ते आणि बाबा तळ्यावर फिरायला जातो म्हणून गाडी घेऊन गेले. आणि हो, नारळ! आज ओल्या नारळाच्या वड्या करायच्या म्हणून तिनं नारळ काढून ठेवला होता, तो सकाळपासून सापडत नव्हता.

"शाल आणि श्रीफळ," सुमित्राबाई स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे माणूस जिवंत आहे. आणि मानाचा आहे."

"आणि आई, बाबांचा कालचा सदरा. मी तुम्हाला दाखवणारच होते. डाग निघतच नाहीये."

तिनं मोरीतल्या बादलीतून सदरा आणला. पांढऱ्याशुभ्र खादीवर छातीपाशी काळपट तांबडा डाग. सुमित्राबाईंनी तो नाकाशी धरला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. दगडफूल, खसखस, भाजलेलं खोबरं आणि जाळ काढणारी मिरची. सावजी रस्सा! डॉक्टरांनी भाऊंचं तिखट साफ बंद केलेलं. लग्नाच्या पंगतीत सुद्धा ते दहीभातावर उठत. काल रात्री भूक नाही म्हणून ताटावर बसले नव्हते ते यासाठी होय!

हॉटेलात जाऊन चोरून खाणारा हा माणूस नव्हे. जिथं नाही म्हटलं तर समोरच्याचा जीव दुखावेल, अशाच घरी त्यानं हा रस्सा पोटात ढकलला असणार.

म्हणजे शेला प्रकाशनं नेला खरा, पण दिला भाऊंनी. स्वतःच्या हातानं. आणि तो कुणाला दिला हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर जितेंद्र उतरत होता, आणि त्याच्या काखेत एक कापडी पिशवी होती.

३

जितेंद्र हा भाऊंच्या पक्षाचा तरुण पदाधिकारी. कडक इस्त्री, गोड जीभ, आणि डोळा भाऊंच्या जागेवर. त्याचं मराठी भोपाळी होतं, म्हणजे निम्मं हिंदी.

"चाचीजी, प्रणाम! सुनके बहुत दुःख झालं. पण आप टेन्शन घेऊ नका. शेला नाही मिळाला तरी प्रोग्राम रुकणार नाही. काही ना काही इंतजाम होऊन जाईल."

"बस ना. पिशवी ठेव खाली."

"नाही नाही, ठीक आहे."

"अरे ठेव. चहा काय काखेत पिशवी धरून पिणार आहेस?"

चहाचा कप घ्यायला दोन हात लागले आणि पिशवी खाली आली. तिच्या तोंडातून लाल काठ डोकावत होता. मागून तुषार धावलाच. "बघ आई! मी म्हटलं नव्हतं?"

त्यानं पिशवीतला शेला खेचून बाहेर काढला. तसाच पांढरा, तसाच लाल काठ. जितेंद्रला घाम फुटला. ओसरीतून प्रकाश सुद्धा उठून दारात आला होता आणि तोंड वासून बघत होता. सुमित्राबाईंनी आधी त्याचं ते तोंड नीट न्याहाळलं, मग शेला हातात घेतला आणि दोन्ही टोकं तपासली.

"खाली बस तुषार. हा आपला नाही."

"म्हणजे?"

"याला दोन्हीकडं झालर आहे. खोट्याला खरं करायला गेलं की हे असं होतं. खऱ्यातली खोट कुणाला उचलता येत नाही. काय रे, फोटो दाखवून विणून घेतलास ना?"

जितेंद्रनं कान पकडले. "चाचीजी, माफ करा. रविवारी स्टेजवर भाऊसाहेबांच्या हातून खांद्यावर घालून घ्यायचा होता. असली शेला तर ते मला देणार नाहीत, हे मला मालूम होतं. पण चोरी? देवाशप्पथ नाही."

"चोरी केली असतीस तर नक्कल कशाला विणली असतीस? आणि खरा शेला गेल्यावर ती घेऊन माझ्या घरात कशाला आला असतास? तुला अक्कल कमी आहे, पण इतकी कमी नाही. चहा पी."

तुषार मटकन खुर्चीत बसला. एकच संशयित होता, तोही गळाला. आता प्रकाशकडं बोट दाखवायचं तर कुणासाठी म्हणून दाखवायचं? पण पोरगा बापासारखा हट्टी. "मग काका सांगत का नाहीत? चूक नाही तर लपवायचं कशाला?"

प्रकाशनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तो परत खोलीत गेला. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

४

"तुषार, बाबांचं ते शेल्याचं भाषण म्हणून दाखव," सुमित्राबाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. प्रकाशची गाडी सुटायच्या आत."

तुषारनं लहानपणापासून ते ऐकलेलं. बाबांची नक्कल करत तो म्हणू लागला, "'त्या पहाटे निंबखेड्याचा एक विणकर बाबा आला. त्यानं मला काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही...'"

"थांब. त्या बाबाचं नाव काय?"

"नाव कुठं सांगतात बाबा? विणकर बाबा."

"तुझे बाबा मतदाराच्या म्हशीचं नाव विसरत नाहीत. गेल्या महिन्यात वरूडच्या वाटेवर एकाला थांबवून 'तुझी चंद्री व्याली का रे' म्हणून विचारलं त्यांनी. आणि ज्यानं पहिला मान दिला त्याचं नाव त्यांना ठाऊक नसेल? ठाऊक आहे. मुद्दाम घेत नाहीत. एकदाही चुकून घेतलं नाही."

अपर्णा हातातलं काम टाकून जवळ येऊन बसली. जितेंद्रचा चहा निवत होता.

"आता दुसरं. असला शेला विणायला किती दिवस जातात? निकाल लागला पहाटे आणि शेला आला पहाटे. म्हणजे तो निकालाच्या कितीतरी आधी मागावर चढलेला. कुणासाठी? यांच्यासाठी? अरे, त्या वेळी यांना कोण ओळखत होतं! डिपॉझिट जाणार म्हणून गावात पैजा लागलेल्या. मी स्वतः निकालाच्या आदल्या दिवशी माहेरी जायची ट्रंक भरून ठेवली होती. मी लग्नाची बायको असून मला खात्री नव्हती, तर कोण परका म्हातारा यांच्या विजयाचा शेला विणत बसेल?"

"म्हणजे तो दुसऱ्या कुणासाठी होता," अपर्णा म्हणाली.

"जो जिंकणार असं सगळं गाव धरून चाललं होतं त्याच्यासाठी. आणि बघ, कुणी पैसे देऊन विणायला सांगितला असता, तर तो शेला गिऱ्हाइकाचा. विणकर असा परस्पर दुसऱ्याच्या अंगावर घालेल? तसं तोच करू शकतो ज्यानं तो स्वतःच्या हौसेनं विणला. आपल्या घरच्या माणसासाठी."

तुषार ताठ झाला. "त्या निवडणुकीत बाबांच्या समोर सुभाष हेडाऊ होते."

"निंबखेड्याच्या कोष्टीपुऱ्यातले. मागावर वाढलेले. आणि सावजी रस्सा कुणाच्या घरचा? कोष्ट्यांच्याच ना!"

सुभाष हेडाऊ हे नाव या घरात जपूनच घेतलं जाई. भाऊंचे जन्माचे विरोधक. दर निवडणुकीत समोर उभे, एकदा भाऊंना पाडून विधानसभेत गेलेले. प्रचारात एकमेकांना काय नाही ते बोललेले.

"चार दिवसांमागं गावाकडची माणसं सांगत होती," सुमित्राबाई म्हणाल्या, "की सुभाषभाऊंचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, मुलीकडं चार इमलीला आहेत, तब्येत काही खरी नाही. तेव्हा यांनी चहा अर्धा टाकला आणि उठून गेले. मला वाटलं, साखर जास्त झाली."

बोलता बोलता त्यांनी पायात चपला सरकवल्या. इतकी वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलो आणि या माणसाच्या पोटात एवढं मोठं गुपित आहे, याचा पत्ता नाही! राग यावा की कौतुक वाटावं, त्यांना कळेना. दोन्ही वाटत होतं.

"गाडी काढ तुषार. आणि अपर्णा, प्रकाशला जेवायला वाढ. पोळी अगदी सावकाश कर. एकेक."

५

चार इमलीच्या सरकारी बंगल्याचं दार मंजूषानं उघडलं. सुभाष हेडाऊंची ही मुलगी मोठ्या हुद्द्यावर, पण वडिलांसाठी रजा काढून घरी बसलेली. सुमित्राबाईंना बघून तिनं काही न विचारता वाट दिली.

आत खिडकीशी आरामखुर्चीत सुभाष हेडाऊ बसले होते. सभा गाजवणारा तो धिप्पाड माणूस आता अर्धा उरला होता. भर उन्हाळ्याचे दिवस, तरी खांद्यावर लाल काठाचा शेला होता.

"या वहिनी," ते म्हणाले. "काल भालचंद्र म्हणे, सुमित्राले कळणार नाही. म्या म्हटलं, पाहू."

"सुभाषभाऊ, तुमची तब्येत बरी नाही, मी तुम्हाला त्रास द्यायला यायला नको होतं. पण आमच्या प्रकाशला घरात चोर ठरवलंय. तो तोंड उघडत नाही आणि आता गाव गाठायला निघालाय."

सुभाषभाऊ दचकून सरळ झाले. मंजूषा पाणी आणायला वळली, तर तिला हातानंच थांबवलं.

"बस बेटा, तूही ऐक. काल तुले अर्धंच सांगितलं." मग ते तुषारकडं वळले. "हा शेला माह्या बापानं माह्यासाठी मांडला होता. पोरगा आमदार होणार म्हणून रात्रंदिवस माग चालवला त्यानं. एक टोक बाकी होतं, तेवढ्यात निकाल आला. पडलो! म्या घरी आलो, तर बाप शेला कापून निघालेला. म्हटलं, कुठं चालला? तर म्हणे, 'आमदारासाठी विणला. जो आमदार झाला त्याले घालतो. कापडाले रुसवा नसते.'"

त्यांनी मान खुर्चीला टेकवली. दम लागत होता.

"मले जे झोंबलं म्हणता! त्याच दिवशी म्या भालचंद्राले गाठलं. म्हटलं, सख्ख्या बापानं तुले शेला घातला हे गावात समजलं, तर म्या संपलो. लोक म्हणतील, याच्या बापाचंही मत याले नव्हतं. भालचंद्र म्हणे, 'तू आहेस तोवर माझ्या तोंडून नाव निघणार नाही.' वहिनी, त्यानंतर म्या त्याले भर सभेत काय काय बोललो! चोर म्हटलं, ढोंगी म्हटलं. त्यानं एका वाक्यात मले झोपवलं असतं. ज्या सालात म्या त्याले पाडलं ना, त्या सालात तर नुसतं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. पडला, पण बोलला नाही."

सुमित्राबाईंना ते साल आठवलं. घरात सुतक असल्यासारखं झालं होतं आणि हे मात्र बाहेर येऊन कार्यकर्त्यांनाच समजावत बसले होते.

"आणि तुमचे वडील?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाप मरेपर्यंत म्या त्याच्याशी धड बोललो नाही." सुभाषभाऊंचे डोळे भरून आले. "काल भालचंद्र आला. म्हणे, 'हा आता काचेत जाऊन बसणार, आणि खाली माझं नाव लागणार. मला ते बघवणार नाही. ज्याचा त्याला घे.' नारळ दिला हातात, शेला घातला, आणि माह्या पोरीच्या हातचा रस्सा ओरपून गेला. नाकातून पाणी येत होतं त्याच्या, पण वाटी ठेवली नाही खाली. म्या म्हटलं, कोणाले बोलू नको. सवयच पडली ना तसं म्हणायची! प्रकाशलेही तीच शप्पथ घातली."

तुषार खाली बघत होता. सकाळी आपण काय बोललो ते त्याला एकेक आठवत असावं. सुभाषभाऊंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठायला लागले.

"बाबा, डॉक्टरांनी हलायचं नाही म्हटलंय!" मंजूषा पुढं धावली.

"गाडी काढ. डॉक्टरले काय माहीत, कोणत्या गोष्टीनं माणूस मरते ते."

६

शाहपुऱ्याच्या घराशी दोन्ही गाड्या थांबल्या, तेव्हा प्रकाश पिशवी घेऊन पायऱ्या उतरतच होता. मागं अपर्णा पदरानं डोळे पुसत उभी. जितेंद्र काही तरी समजावत होता, प्रदर्शनाचे कार्यकर्ते अवघडून काचपेटीशी उभे होते.

मंजूषाचा हात धरून सुभाष हेडाऊ उतरले. कळंब्यांच्या अंगणात हेडाऊ! आणि खांद्यावर तो शेला! कार्यकर्त्यांपैकी एकानं फोन बाहेर काढला, पण सुमित्राबाईंनी नुसतं बघितल्यावर परत खिशात घातला.

"ऐका रे सगळे," सुभाषभाऊ म्हणाले. आवाज बसला होता, पण सभेची सवय गेली नव्हती. "हा शेला कोणी चोरला नाही. हा माह्या बापानं, गणपत हेडाऊनं, विणला. माह्यासाठी विणला आणि भालचंद्राले घातला. काहून घातला ते रविवारी म्या स्वतः स्टेजवर येऊन सांगतो. बाप खरा होता आणि म्या खोटा, हेही सांगतो. कोणाले छापायचं असेल तर छापा."

प्रकाश पायरीवर थिजला. "दादा, तुम्ही काहून बोलले? भाऊंचा शब्द होता!"

"त्याचा होता. माहा नव्हता."

तुषार पुढं झाला. वाकून त्यानं सरळ प्रकाशचे पाय धरले. "काका, मी... मला मारा हवं तर."

"ए पोरा, उठ!" प्रकाशनं त्याला दंडाला धरून उभं केलं. "सायकलवरून पडला तवा मारलं नाही, आता काय मारू?"

तेवढ्यात फाटकाशी विधानसभेची गाडी लागली. भाऊ उतरले. गळ्यात सहकाऱ्यांनी घातलेले हार, चेहरा थकलेला पण तजेलदार. निरोपाचं भाषण फार रंगलं असावं. विरोधी बाकांवरचे दोघं जण त्यांना घरापर्यंत सोडायला आले होते. अंगणातली गर्दी बघून भाऊ हसले, मग सुभाषभाऊ दिसले आणि त्यांचं हसू मावळलं.

"अरे सुभाष, तू कशाला उठलास? मरायचंय का?"

"तुह्या माणसाले यांनी चोर ठरवलं. म्या बसून राहू?"

भाऊंनी तुषारकडं पाहिलं, सुमित्राबाईंकडं पाहिलं. त्यांना सगळं कळायला वेळ लागला नाही. आमदारकी काय फुकट केली होती? गळ्यातले हार त्यांनी काढून तुषारच्या हातात दिले आणि ते पायऱ्यांपाशी आले.

"प्रकाश, वेड्या, सांगायचं नाही का? शब्द माझा होता. तुझ्या अंगावर चोरीचा आळ आला, तर मोडायचा. मी काय तुला रागावलो असतो?"

प्रकाश गडबडला. चूक केल्यासारखा डोकं खाजवू लागला.

"भाऊ, तुम्ही अख्खी आमदारकी चूप बसले," तो म्हणाला. "मले एक सकाळ चूप बसता येऊ नये काय?"

सुमित्राबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग भाऊ तिथंच पायरीवर टेकले, प्रकाशला हाताला धरून शेजारी बसवलं आणि त्याची पिशवी ओढून आपल्या मांडीवर घेतली.